पाठीने ऐकायचा खोका

कुशाबांना कुणी बहिरे म्हटलं की रखमाबाई फणकारतात. "भैरे खंयचे? नको ता सगळा ऐकाक येता तेंका," असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, मोबाइलची टिवटिव, बायकोची हाक यांतलं काहीही कुशाबांपर्यंत पोहोचत नाही. पण खाली लालबागच्या रस्त्यावरून ढोल गेला की सतराव्या मजल्यावर त्यांची मान डोलायला लागते. गिरणीच्या साळखात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचे कान असेच जातात. बारीक आवाज आधी निघून जातात, जाडे मागे राहतात, आणि तेही पुढे पुढे कानांपेक्षा हाडांना जास्त कळतात.

साळखात्यात कापड विणणारे शेकडो साचे एकदम धडधडायचे. तिथे बोलून उपयोग नसे. समोरच्याचे ओठ वाचायचे आणि हातांनी उत्तर द्यायचं, एवढाच व्यवहार. धोटा अडकला, धागा तुटला, मुकादम येतोय, चहा आला, सगळ्याला खुणा होत्या. कुशाबा त्या खुणांत इतके तरबेज झाले की गिरणी बंद पडल्यावरही त्यांनी त्या सोडल्या नाहीत. आजही ते माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघतात, आणि पाठ फिरवून बोलणारा माणूस त्यांच्या लेखी मुका असतो. कानातलं यंत्र सुनेने हौसेने आणून दिलं होतं. ते घातल्यावर भांडी घासल्याचा आवाज ऐकू आला म्हणून त्यांनी ते काढून डबीत ठेवलं. त्यांचं ऐकायचं एक वेगळंच साधन होतं, आणि ते चांगलं कंबरेएवढं उंच होतं.

त्याची गोष्ट अशी. गिरणी गेल्यावर कुशाबा रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत लागले. आधी फळ्या उचलल्या, मग बघून बघून करवत-रंधा हातात घेतला. त्याच सुमाराला त्यांचा एकुलता एक मुलगा आनंदा याने बेस गिटार घेतली. रखमाबाईंना वाटत होतं की पोराने पेटी शिकावी, भजनाला बसावं. त्याने आणली चार जाड तारांची गिटार. "सहा तारांची परवडाक नाय काय?" असं त्या शेजारणींसमोर बोलल्या होत्या, आणि चाळीत पुढे बरेच दिवस आनंदाला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं. पण आनंदा टिकला. दिवसा परळच्या एका इस्पितळात लिफ्ट आणि जनरेटर सांभाळायचा, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचा. लग्नं, हळदी, गणपतीतले कार्यक्रम.

बेसला साधा स्पीकर पुरत नाही. जाडा सूर खूप हवा हलवतो. त्याला मोठा स्पीकर लागतो आणि त्या स्पीकरला भक्कम खोका लागतो. स्पीकर आनंदाने जुन्या बाजारातून आणला, परातीएवढा. खोका कुशाबांनी केला. वखारीतल्या जाड प्लायचा, आतून आडपट्टी मारलेला, कोपऱ्यांना लोखंडी पत्रे ठोकलेला. पहिल्या दिवशी आनंदाने तार छेडली आणि खोका कुठूनतरी फुसफुसला. कान लावून आनंदाला ते कुठून येतंय ते सापडेना. तेव्हा कुशाबांनी सहज म्हणून दोन्ही तळवे लाकडावर ठेवले, पंचांग बघावं तशा गंभीर चेहऱ्याने खोक्याभोवती फिरले, आणि मागच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवून म्हणाले, "हयसून वारो जाता." तिथे खरोखरच सांध्यात फट होती. सरस आणि भुसा भरून ती बुजवली. मग ते खोक्याला पाठ लावून खाली बसले आणि आनंदाला खूण केली, वाजव.

त्या दिवशी कुशाबांनी मुलाचं वाजवणं पहिल्यांदा ऐकलं. सूर कण्यातून वर चढला, छातीत घुमला. रखमाबाईंनी चहा पुढे केला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत, यावरून काय ते समजायचं.

तेव्हापासून घरात कामाची वाटणी झाली. वीज आनंदाकडे, लाकूड बापाकडे. आनंदाचे नियम ठरलेले: आवाज वाढवणारा ॲम्प सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद. स्पीकरला जाडी वायर, गिटारची बारीक वायर तिथे चालायची नाही. ॲम्पच्या पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढायची. सूर बदलायच्या, पायाने दाबायच्या पेडलमधून पिन उपटून ठेवायची, नाहीतर आतली बॅटरी उगाच जळत राहते. कुशाबांचं काम, खोक्याचे स्क्रू. ते एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, म्हणजे स्पीकरची कड वाकत नाही. सगळ्या स्क्रूंच्या खाचा शेवटी उभ्या राहतील इतपत त्यांची टापटीप. आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हात फिरवून तपासणी. "बाबा, बघा जरा कुठे वाजतंय," म्हटलं की कुशाबा हातातला घास ठेवून उठत.

या वाटणीत एकदा घोटाळा झाला, पहिल्याच दसऱ्याला. गिरणीत दसऱ्याला साचे लखलखीत पुसायचे, तेलपाणी करायचे आणि मग हार घालायचा. कुशाबांनी खोक्याचंही सगळं यथासांग केलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि साच्याला करतात तशी स्पीकरच्या कापडी कडेवरून तेलाची चिंधी फिरवली. कड फुगली, तिच्यावर धूळ बसली, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात बेस बेडकासारखा बोलला. आनंदा घरी येऊन इतका ओरडला की कुशाबांना ओठ वाचायचीही गरज पडली नाही. स्पीकरचा पडदा बदलून घ्यावा लागला. तेव्हापासून कुंकू फक्त लाकडाला, फूल ॲम्पवर, तेल कुठेच नाही. अक्षता जाळीतून आत जातात म्हणून त्याही बंद.

बापलेकांत एरवी फारसं बोलणं नव्हतं. कोकणी बाप आणि मुंबईचा मुलगा, दोघेही आपापल्या जागी मुके. पण रोज संध्याकाळी आनंदा सरावाला बसला की कुशाबा खोक्याला पाठ लावून बसत, आणि आनंदा शेवटी न चुकता एक पेडल दाबायचा, ज्याने प्रत्येक सुराच्या खाली आणखी एक जाडा सूर उमटतो. कुशाबा त्याला म्हशीचं बटण म्हणत. त्यांच्या मते त्या सगळ्या खटाटोपात कामाची वस्तू तेवढी एकच होती.

मग चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. खोका सामानाच्या लिफ्टने सतराव्या मजल्यावर चढला. पण टॉवरच्या भिंती चाळीच्या भिंतींसारख्या सोशिक नव्हत्या. खालच्या घरात तान्हं बाळ होतं. बाळाची आई वर आली ती भांडायला नव्हे, रडवेली होऊन. तिचं बरोबरच होतं. त्याच वर्षी ऑर्केस्ट्राच्या मालकाने, चिंतामणीने, स्टेजवरचे सगळे खोके हद्दपार केले. आता बेस पेडलमधून थेट मिक्सरला जातो आणि वाजवणारे आपापलं कानातल्या बोंडांतून ऐकतात. टेम्पोचं भाडं वाचतं, स्टेज मोकळं दिसतं. आनंदाची पाठही वाचली, कारण तो खोका उचलायला दोन माणसं लागत.

आनंदा हेडफोन लावून सराव करू लागला. त्याची बोटं हलत, पाय ठेका धरी, मध्येच तो डोळे मिटून मान उडवी, आणि खोका गप्प. कुशाबा सवयीने त्याला पाठ लावून बसत आणि थोड्या वेळाने उठून गॅलरीत जात. कधी जाता जाता त्याच्यावर तळवा टेकवून बघत, थंड चुलीवर हात ठेवावा तसा. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर कुणाचं काही ऐकून घेतलं नाही, असं बायको म्हणते, त्याने आता मला ऐकू येत नाही म्हणून तक्रार कुठे करायची?

एकदाच ते म्हणाले, "जरा लाव मरे."

आनंदाने हेडफोन काढून त्यांच्याकडे तोंड केलं. "बाबा, खाली बाळ झोपतं."

कुशाबांनी मान हलवली. बाळाशी त्यांचं वैर नव्हतं.

पुढे खोक्यावर इस्त्रीचे कपडे साठले. सुनेला, आकांक्षाला, घरून कामाचे दिवस पडू लागले, तिला टेबल टाकायला जागा हवी होती. ती सासऱ्यांना दुखवणारी नव्हे. तिने नवऱ्यापाशी नुसता विषय काढला, तोही दोन-तीनदा. शेवटी आनंदाने फोटो काढून कुठेतरी टाकले, आणि दादरच्या वरद नावाच्या मुलाचा फोन आला. तो दसऱ्यानंतरच्या रविवारी बघायला येणार होता. ही बातमी कुशाबांना रखमाबाईंनी दिली, नीट समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. एरवी त्यांना एकदाच पुरे होतं.

दसऱ्याला कुशाबांनी नेहमीसारखी खोक्याची मागची फळी उघडली. आतली धूळ पुसली, सांधे बघितले, कुंकू लावलं. साळखात्यात पाळी संपताना साचा नीट करून पुढच्या माणसाच्या हवाली करायचा हा रिवाज त्यांनी एकदाही मोडला नव्हता. बिघडलेला साचा बदलीवाल्याच्या गळ्यात मारणारा माणूस त्यांच्या मते माणूसच नव्हे. आणि तरी, फळी परत बसवण्याआधी, त्यांनी आतल्या आडपट्टीचा एक स्क्रू चांगला ढिला करून ठेवला. मग बाहेरचे सगळे आवळले, खाचा उभ्या केल्या, हार घातला आणि सगळ्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवून नमस्कार घेतले. जेवायला श्रीखंड होतं. ते त्यांनी कमी खाल्लं.

रविवारी वरद आला. कॉम्प्युटरमध्ये काम करणारा, मित्रांबरोबर वाजवणारा, जुन्या वस्तूंचा हौशी. मुलगा चांगला होता, हीच अडचण होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि तोंड समोर ठेवून विचारलं, "आजोबा, हा तुम्ही केलाय? हाताने?" कुशाबांनी नुसती मान हलवली.

खालच्या घरी आधी सांगून ठेवलं होतं. आनंदाने ॲम्प लावला, वरदने आपली गिटार जोडली आणि खालची तार छेडली. खोका बर्रर्र करून थरथरला. कुशाबा लांब उभे होते. त्यांना ते वरदच्या कपाळावरच्या आठीवरून कळलं. त्याने पुन्हा छेडली. पुन्हा आठी.

"बाबा," आनंदा वळून म्हणाला, "बघा जरा कुठे वाजतंय."

कुशाबा पुढे झाले. त्यांनी तळवे टेकवले. लाकूड त्यांना ओरडून सांगत होतं, इथे, इथे. ते वरून फिरले, डावीकडून फिरले, खाली बसून कोपरे चाचपले, आणि ती एक जागा तेवढी सोडून सगळीकडे थांबले. मग उठून म्हणाले, "काय कळना नाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आनंदा त्यांच्याकडे बघत राहिला. रखमाबाईही बघत राहिल्या. कुशाबांनी गॅलरीतल्या तुळशीकडे नजर वळवली.

आनंदाने स्पीकर सोडवून बाहेर काढला, गादीवर उताणा ठेवला, पडद्यावर चारी बोटं टेकवून तो हळूच खाली-वर केला. कुठे घासत नव्हता. तसाच जोडून वाजवला, तर वरदचा चेहरा उजळला. म्हणजे दोष लाकडात होता. आनंदाने मोकळ्या भोकातून खोक्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि तो हात आत थोडा वेळ तसाच राहिला. मग हात बाहेर काढून, बापाकडे पाठ करून, तो वरदला काहीतरी म्हणाला. काय, ते कुशाबांना कळायचा मार्ग नव्हता. वरदने मान हलवली. चादरीत गुंडाळून स्पीकर उचलला, पुन्हा नमस्कार केला आणि गेला.

खोका राहिला, पोटात परातीएवढं भोक घेऊन.

कुशाबांच्या हिशेबात हे बसलंच नव्हतं. खोका जाईल तर सगळा जाईल, राहील तर सगळा राहील, अशी त्यांची समजूत. स्क्रू जागच्या जागी असता तर निदान तो अख्खा दादरला गेला असता आणि तिथे कुणाच्या तरी पाठीशी वाजला असता. आता आवाज गेला आणि लाकूड मागे राहिलं, आणि हे आपल्याच हाताने झालं. त्यांनी दोन दिवस कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, म्हणजे कुणाशी बोलले नाहीत. रखमाबाईंनी त्याचा अर्थ पोट बिघडलंय असा लावला आणि पेज करून घातली.

मग आनंदा एक दिवस म्हणाला, "बाबा, हा आडवा टाकू आणि भोक बंद करून द्या. वर पक्की फळी. खिडकीशी बसायला होईल."

बाकडं. इतक्या खटपटीने केलेल्या खोक्याचं बाकडं. कुशाबांनी निमूटपणे प्लाय कापला. फळी बसवताना हात आत गेला तेव्हा आडपट्टीचा तो ढिला स्क्रू बोटाला लागला. आवळायला क्षणाचा वेळ लागला नसता. त्यांनी नाही आवळला. मुक्या खोक्याला घट्ट स्क्रू काय करायचाय? त्यांना राग आला होता, आणि तो स्वतःवरचा असल्यामुळे कुणावर काढताही येत नव्हता.

पुढच्या रविवारी आनंदा एक जड पिशवी घेऊन आला. ऑर्केस्ट्राच्या ड्रमवाल्याकडून त्याने एक युक्ती उचलली होती. कानात बोंडं घालून वाजवायला लागल्यापासून त्या ड्रमवाल्याला आपल्याच ढोलाचा धक्का जाणवेनासा झाला, म्हणून त्याने स्टुलाखाली एक लोखंडी डबा बसवून घेतला होता. त्याला पडदा नाही, कागद नाही. ॲम्पची वायर जोडली की तो आवाज काढत नाही, नुसता हादरे देतो, जसा सूर तसा हादरा. आनंदाने मागची फळी काढून तो डबा वरच्या नव्या फळीला आतून घट्ट बसवला, फळी परत लावली, आणि खोक्याच्या चारी कोपऱ्यांखाली जाड रबराचे तुकडे सरकवले, म्हणजे थरथर लादीत उतरून बाळापर्यंत जाऊ नये. कुशाबा हे सगळं खुर्चीतून बघत होते. त्यांना ते काहीतरी इस्पितळातलं वाटलं.

आनंदाने ॲम्प शेवटी चालू केला, हेडफोन घातले आणि खोक्याकडे बोट दाखवून बापाला खूण केली, बसा.

कुशाबा बसले. आनंदाने खालची तार छेडली.

रखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांना फक्त नवरा दिसला. त्याचे खांदे एकदम वर आले, हात मांड्यांवरून सुटून फळीच्या कडांवर घट्ट बसले, आणि तोंड उघडं राहिलं. आनंदा वाजवत राहिला, हळू, एकेक सूर. आकांक्षा टेबलावरून उठून बघायला आली. घरात काहीही वाजत नव्हतं आणि म्हातारा मान डोलवत होता.

मग कुशाबांनी हात उभा केला. साळखात्यातली खूण, साचा थांबवा.

"खंयतरी वाजता हा," ते म्हणाले. सवयीने म्हणून गेले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आनंदाने हेडफोन काढले. तो उठून बापाच्या अगदी समोर आला आणि गुडघ्यांवर बसला, ओठ नीट दिसतील असा.

"आडपट्टीचा स्क्रू," तो म्हणाला. "दसऱ्यापासून ढिला आहे. तुम्हीच केलात ना?"

कुशाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खिडकीकडे वळायला जागा नव्हती.

"तुका ठावक होता?"

"हात घातला तेव्हाच लागला हाताला. तुमचा एक स्क्रू कधी ढिला असतो का?"

"मगे आवळूक नाय तो?"

"आवळला असता तर खोका गेला असता."

कुशाबांनी हे ओठांवरून वाचलं, आणि त्यांना ते पुन्हा सांगायला लावावं लागलं नाही. डोळे भरून आले, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसले. मग त्यांना दुसरंच काही आठवलं.

"त्या दादरच्या झिलाक काय सांगलंस मगे? माज्याकडे पाठ करून?"

आनंदा हसला. "सांगितलं, लाकूड आतून फुटलंय. खोका काही कामाचा नाही, स्पीकर तेवढा घेऊन जा."

कुशाबा ताडकन उठले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता; खालच्या बाळाचं नशीब, ते जागंच असावं.

"माजा लाकूड फुटूक नाय कदी! तेका फोन करून सांग. माज्या नावार असला काय सांगूचा नाय." आणि मग मागची फळी स्वतःच उघडायला बसत त्यांनी हात पुढे केला. "स्क्रू ड्रायव्हर दी हय. आणि ता म्हशीचा बटण लावून ठेव."